भट्टीमागची भिंत

९ जानेवारी

दादा,

पाकिटावर वहिनीचं नाव घातलंय. माझं नाव दिसलं असतं तर तू ते न फोडताच विस्तवात टाकलं असतंस. आता फुटलंच आहे तर वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला फोनवर धड बोलता येत नाही. लिहिता येतं अशातलाही भाग नाही. सातवीच्या मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं, याच्यापेक्षा कोंबडी बरी, ती उकरते तेव्हा निदान दाणा तरी सापडतो.

तर बातमी. मी एक बेकरी विकत घेतली.

हसून झालं की पुढे वाच. तुझं म्हणणं मला पाठ आहे, की हा एका जागी बसायचा असेल तर याच्या बुडाला खिळे ठोकायला हवेत. तीन वर्षांत ट्रकवर काम केलं, टायरच्या दुकानात केलं, शीतगृहात बर्फाच्या लाद्या ओढल्या, एका सर्कशीच्या तंबूचे खुंटसुद्धा मारले. कुठेच चार महिन्यांवर टिकलो नाही. मग एका ड्रायव्हरनं सांगितलं की या शहरात दुकानं मातीमोल विकतात, घेणाराच नाही. साठवलेलं सगळं ओतलं आणि आलो.

शहर म्हणजे एके काळी शहर होतं. काचेचा कारखाना होता, चार हजार माणूस कामाला. तो बंद पडून आठ वर्षं झाली. आता रस्ते रुंद आणि माणसं मोजकी. दहातली सात शटरं खाली. पण खिडक्या बघाव्यात! पडक्या घरालासुद्धा अशी काच की मध्ये काही आहे हे कळू नये. पहिल्याच दिवशी एका दारावर नाक आपटून घेतलं.

विकणारी बाई सत्तरीची आहे. सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही. तिचा नवरा गेला, गुडघे गेले, आता लेकीकडे जाणार. जायच्या आधी महिनाभर मला शिकवणार. भेटल्या भेटल्या माझे हात उलटेपालटे करून बघितले.

"हे गवंड्याचे हात."

"भाऊ गवंडी आहे. मी नुसत्या विटा द्यायचो."

"भाऊ कुठं असतो?"

"गावी."

"काम असतं त्याला?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

छकुली किती उंच झाली? उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पत्ता मात्र मागे लिहिलाय.

धाकटा

२८ जानेवारी

दादा,

पाठ मोडली आहे. विटा उचलल्या तेव्हा वाटायचं याहून जड काम जगात नाही. पिठाला तू ओळखत नाहीस. वीट निदान गप्प पडून असते. हे हाताला चिकटतं, फुगतं, हवा गार असली की रुसतं. होडीएवढी लाकडी काथवट आहे, तिच्यात संध्याकाळी कोपरापर्यंत हात घालून मळायचं, आणि पहाटे भाजायचं. उभ्या उभ्या डोळे मिटतात. मावशी मागून काठीनं टोचते.

भट्टी मात्र बघण्यासारखी आहे. खोलीएवढी, आतून घुमट, तोंड एवढंसं. माझ्यासारखा हडकुळा माणूस पोटावर सरपटत आत जाईल, तू अडकशील. संध्याकाळी आत लाकडं जाळायची. पहाटे निखारे एका कोपऱ्यात ओढायचे, ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, चिमूटभर पीठ टाकून दहा अंक म्हणायचे. दहाच्या आत पीठ काळं पडलं तर भट्टी तापट, पांढरंच राहिलं तर आळशी, लालसर झालं की लांब दांड्याच्या उलथन्यानं पाव टाकायचे. पाव निघाले की निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची. संध्याकाळी राख बाजूला केली की खाली विस्तव जिवंत.

हा विस्तव एकोणचाळीस वर्षं विझलेला नाही. मावशी बाळंत झाली तेव्हाही नाही, नवरा गेला त्या दिवशीही नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन लाकूड सारायचंच. मी म्हटलं, "मावशी, चुकून विझला तर?"

"तर मला सांगू नकोस. मी म्हातारी, मला झेपायचं नाही. बाहेर जाऊन शहराला सांग."

मला वाटलं, बाई नाटकी आहे. पण बाहेरची गंमत ऐक. भट्टीची मागची भिंत गल्लीत आहे आणि ती कायम ऊन असते. तिला लागून एक बाक आहे. कारखान्यातली जुनी माणसं सकाळी येऊन भिंतीला पाठ लावून बसतात, कारखान्यात हजेरी लावायला यायची तशी. नुसता जाणारा येणारासुद्धा तिच्यावर तळहात टेकवून पुढे जातो. पोरी कामाला जाताना, पोस्टमन, सगळे. कुणी थांबत नाही, कुणी काही म्हणत नाही. हात टेकवला की चालले.

बाकावरचा मुख्य माणूस फुग्याकाका. चाळीस वर्षं नळीनं काच फुंकली, त्यानं गाल असे सैल झालेत की बोलताना लटकतात. हे नाव तोच सांगतो, दुसऱ्यानं ठेवलेलं ऐकून घ्यायच्या आधी. रोज दोन पाव घेतो आणि रोज नाव ठेवतो.

"कालचा बरा होता."

"काल म्हणालात परवाचा बरा होता."

"मग? तू उतरतच चाललायस."

मावशीचा आणखी एक नियम आहे. पहिला पाव आपण खायचा, मग फळीवर मांडायचा. आपण खाल्ल्याशिवाय गिऱ्हाईकाला द्यायचा नाही. ऐकून मला बाबांचं आठवलं, परांचीची फळी ज्यानं बांधली त्यानं आधी तिच्यावर उभं राहायचं, मग दुसऱ्याला चढू द्यायचं. आठवलं आणि पाव खाल्ला. तोंड भाजलं.

धाकटा

१७ फेब्रुवारी

दादा,

मावशी गेली. जाताना रडली नाही. भिंतीवर हात ठेवला, मला म्हणाली, "दांडा धरताना वाकू नकोस, कंबर जाईल," आणि रिक्षात बसली. मी तिची पेटी चढवली. तेवढंच.

आता मी एकटा. सकाळी पाव, दुपारी झोप, ती येत नाही, संध्याकाळी पीठ. उद्या तेच. परवा तेच. पाव कसे झालेत हे विचारायलाही कुणी नाही, फुग्याकाका सोडून, आणि त्याचं उत्तर ठरलेलं. कधी कधी कारखान्याच्या चिमणीकडे बघत बसतो. चिमणीतून धूर येत नाही आणि तरी मी बघतो. वेड लागायची लक्षणं आहेत.

रविवारी एक माणूस आला होता, पीठ पोचवणारा. त्याच्या ओळखीचा एक जण तिकडे समुद्राकडे गाडी विकतोय, मालवाहू, छोटी. म्हणाला, तुझ्यासारख्यानं या मेलेल्या शहरात काय कुजत पडायचं, गाडी घे, चार गावं हिंड. मी म्हटलं, बेकरी आहे माझी. तो म्हणाला, विकून टाक. मी म्हटलं, कुणाला? दोघेही हसलो.

नुसतं बघायला काय हरकत आहे. बघून परत यायचं. भट्टीला काय, राख जाडसर ओढून ठेवली की धरते.

तू तिकडून "झालं याचं सुरू" म्हणतोयस ते मला इथं ऐकू येतंय.

धाकटा

२ मार्च

दादा,

भट्टीला तडा गेला. घुमटाच्या मधून आडवा, माझ्या हाताएवढा लांब, आणि पाच विटा खाली आल्या. जुनी होती. चाळीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली? वस्तू जुनी झाली की जाते, त्याला कोण काय करणार. आपल्या त्या दोरासारखं.

मी स्वतःच डागडुजी केली. आत सरपटून सिमेंट भरलं. दोन दिवस वाळवलं आणि पेटवली. सकाळी पाव टाकले तर वरून सिमेंटची ढपली पावांवर. सगळी खेप फेकली. एक पाव मी खाऊन बघितला. दाताखाली वाळू.

गिऱ्हाईक कमी आहे सध्या. थंडीमुळे असेल.

हात

हा शब्द लिहून खोडला नाही. तुझा हात कसा आहे विचारायचं होतं. जाऊ दे.

धाकटा

९ मार्च

दादा,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. सात दिवस ते पत्र डोक्यात फिरतंय, म्हणून हे.

मी गाडी बघायला गेलो होतो. शनिवारी पाव काढले, राख ओढली, कुणाला न सांगता बस धरली. एका दिवसात येणार होतो. गाडी भंगार निघाली, पण समुद्र होता, आणि तिथं कुणी मला ओळखत नव्हतं. मी एक दिवस राहिलो, मग आणखी एक. बाकड्यावर बसून लाटा बघितल्या. तीन वर्षांत एवढी शांत झोप लागली नव्हती, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी सकाळी परत आलो. गल्लीत शिरलो तर बाक रिकामा. भिंतीला हात लावला, गार. नुसती भिंतीसारखी भिंत.

आत येऊन राख उकरली, तळापर्यंत राखच. मग मी काय केलं ते ऐक. फुग्याकाकाकडे गेलो नाही, मावशीला फोन केला नाही. दार आतून लावलं, दोन दिवसांची लाकडं एकदम आत कोंबली आणि रॉकेल ओतून पेटवली. वाटलं, दुपारपर्यंत भिंत तापली की संपलं, कुणाला कळणार आहे? जाळ घुमटाला लागला. तासाभरात आवाज आला. फार मोठा नाही. कुणीतरी आत एकदाच खोकावं तसा. आणि विटा पडल्या.

मग थंडीवर ढकललं. थंडी कसली, हवा छान आहे. लोक येत नाहीत. दुकानासमोरून जातात, मान हलवतात, पलीकडच्या वाण्याकडून कागदात बांधलेला पाव घेतात, बाहेरगावाहून येतो तो. भांडत नाहीत, बोलत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल मीच फुग्याकाकाच्या घरी गेलो. दोन खोल्या, आणि खिडकीत रंगीत काचेची पाखरं, त्यानं केलेली. मला बसायला सांगितलं नाही.

मी म्हटलं, "काका, भट्टी विझली. मी बाहेर गेलो होतो."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगतोस का बघत होतो." गाल पुसले. "ऐक. कारखाना बंद केला त्या दिवशी कुणी काही मोडलं नाही. साहेबांनी फक्त तेल बंद केलं. काचेची भट्टी कधी गार करायची नसते, केली की मेली, हे साहेबांनाही ठाऊक होतं. आम्ही घरी बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी घुमट फुटला. अख्ख्या शहरात ऐकू आला. मी जेवत होतो. बायकोनं हात धुतले आणि बाहेर जाऊन उभी राहिली. सगळ्या गल्लीच्या बायका बाहेर उभ्या. तोपर्यंत आम्हाला वाटत होतं, होईल पुन्हा सुरू."

काकानं खिडकीतलं एक पाखरू सरळ केलं.

"तुझ्या भट्टीचा आवाज बारीक होता रे. पण ओळखीचा होता."

दारापर्यंत आल्यावर म्हणाला, "विटांची सोय मी करीन. कारखान्याच्या आवारात भट्टीच्या विटा पडून आहेत, रखवालदार आपला आहे. पण घुमट बांधणारा नाही कुणी. जे होते ते गेले."

दादा, बाबांनी एकदा असली भट्टी बांधली होती, तू अकरा वर्षांचा होतास, त्यांच्या हाताखाली. मी आईच्या कडेवर होतो म्हणतात. तुला आठवतं का रे? नुसतं कसं बांधायचं तेवढं कळव. तू ये म्हणत नाही. तसं म्हणायला मला तोंड नाही.

पैसे संपत आलेत, पण त्यासाठी लिहीत नाही. पळून जायचं असतं तर आज सकाळची बस होती. स्टँडवर गेलोही होतो. मग परत आलो, का ते माहीत नाही. कंटाळा आला बहुतेक पळायचा.

धाकटा

३० मार्च

दादा,

पाकीट आलं. पत्ता वहिनीच्या अक्षरात. आतला कागद छकुलीच्या वहीतला, दुरेघी. वर नाव नाही, खाली सही नाही. अक्षरं वाकडीतिकडी, दोन रेघांच्या बाहेर सांडलेली. मला वाटलं छकुलीनं लिहिलंय, कौतुक वाटलं. मग पहिली ओळ वाचली.

"सिमेंट लावलंस? शहाणाच आहेस."

हे छकुली कसं लिहील?

कागद खिडकीपाशी नेला. इथल्या खिडकीतून उजेड फार येतो. प्रत्येक ओळीत शाई पुसलेली, लिहिलेल्यावरून हात घसटत गेलेला. तू कधी असं लिहायचा नाहीस. तू दुकानाच्या पाट्या रंगवायचास, लोक तुझ्याकडून लग्नाच्या पत्रिकांवर नावं लिहून घ्यायचे. मग कळलं. हे डाव्या हाताचं आहे. डावा हात लिहीत पुढे जातो आणि मागचं पुसत जातो.

मी बराच वेळ बाकावर बसून राहिलो. गार भिंतीला टेकून.

तुझी चिठ्ठी आता काथवटीच्या वर खिळ्याला लावली आहे. पाठ झाली आहे तरी रोज वाचतो. "सगळा घुमट उतरव. अर्धा ठेवायचा मोह करू नको. सिमेंट नको, भट्टीच्या विटेची भुकटी आणि चिकणमाती. आत ओली वाळू भर, घुमटाच्या आकाराचा ढीग कर, थापून गुळगुळीत कर. तिच्यावर विटा लाव, कडेकडून वर. मधली शेवटची वीट ठोकून बसव, हातोडीनं नको, लाकडानं. आठ दिवस हात लावू नको. मग तोंडातून वाळू काढ."

पुढची ओळ लिहून तू खोडली आहेस आणि खाली तीच पुन्हा लिहिली आहेस. "वाळू काढायला तू जा. दुसऱ्या कुणाला घालू नको."

आणि शेवटी: "पहिला जाळ कागदाचा आणि काटक्यांचा. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडा. चौदा दिवस. घाई केलीस तर मला पुन्हा लिहू नको."

चौदा दिवस एका जागी बसून काटक्या जाळायच्या. तू बुडाला खिळे ठोकलेसच.

फुग्याकाकानं हातगाडी आणली. कारखान्याचं फाटक उघडलं तेव्हा मी पहिल्यांदा आत गेलो. मोठ्या भट्टीचा घुमट अजून तसाच पडलाय, मधून आत बसलेला, त्यातून आभाळ दिसतं. काकानं तिकडे बघितलं नाही, तो एकेक वीट बोटानं वाजवत होता. चांगली वीट वाजते, फुटकी नुसती "थब" करते. वाजणाऱ्या तेवढ्या घेतल्या. आवारात पांढऱ्या वाळूचा डोंगर आहे, काच व्हायची राहून गेलेली. तीच भरली आत.

रखवालदार म्हणाला, "साहेबांनी विचारलं तर?"

काका म्हणाला, "सांग, वाळू उडून गेली. आठ वर्षांत उडणारच की."

काल शेवटची वीट बसवली. माझी बोटं सोलली आहेत. विटा देणारा मीच आणि लावणाराही मीच, "अरे, वीट दे की, झोपलास का" असं ओरडणारं वर कुणी नाही. तीनदा मीच मोठ्यानं ओरडलो तुझ्यासारखा. काकाला वाटलं त्याला म्हणतोय, तो चिडला.

धाकटा

२३ एप्रिल

दादा,

आधी वाळूचं सांगतो.

आठ दिवस झाले त्या सकाळी गल्लीत माणसं जमली. कुणी बोलावलं नव्हतं. फुग्याकाकाच्या पुतण्यानं पाटी आणि लहान फावडं आणलं होतं, म्हणाला, "मी जातो, मी तुझ्याहून बारीक आहे, पटकन होईल." खरंच बारीक आहे तो. आणि माझ्या तोंडात आलंच होतं, की जा.

चिठ्ठी खिळ्याला होती. मी त्याच्या हातातून फावडं घेतलं.

पोटावर आत गेलो. तोंडाजवळची वाळू काढली, मग थोडी पुढची. जसजशी वाळू निघते तसतसं वरच्या विटांना धरायला काही राहत नाही. माझी मान आत, पाठ आत, पाय बाहेर. आत फावड्याचा आवाज आणि माझा श्वास. अर्धी वाळू निघाल्यावर वर कुठेतरी किर्र झालं आणि माझ्या मानेवर माती पडली. मी डोळे मिटून थांबलो. तिथं, त्या घुमटाखाली, मला तू दिसलास.

म्हणून आता लिहितो, जे तीन वर्षं लिहिलं नाही.

त्या दिवशी परांचीच्या फळीचं एक टोक मी बांधलं होतं. दुसऱ्या टोकाला दोर नुसता गुंडाळला होता, गाठ मारायची होती. तेवढ्यात खाली रस्त्यावर त्या ट्रकवाल्यानं शीळ घातली. त्यानं मला कामाला घेतो म्हटलं होतं. मी उतरलो. तू शिडीवरून विचारलंस, "बांधली का रे?" मी खालूनच, त्याच्याशी बोलता बोलता, मागे न बघता ओरडलो, "हो, चढ!"

मी फळीवर आधी उभा राहिलो नव्हतो.

मग दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, दोर कुजका होता. वहिनीला सांगितलं, ठेकेदाराला सांगितलं. तुझी बोटं आता मिटणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले, त्या संध्याकाळीही मी हेच सांगत होतो. आठव्या दिवशी त्याच ट्रकवर बसून गेलो.

आणि घुमटाखाली पडल्या पडल्या मला एक गोष्ट आठवली, जी मी इतके दिवस आठवूच दिली नव्हती. दोर नवा होता. आदल्या दिवशी बाजारातून तूच आणला होतास. पिवळा. दोघांनी मिळून उलगडला होता, तू म्हणाला होतास, याला अजून दुकानाचा वास येतोय.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सगळ्यांना कुजका दोर सांगत फिरत होतो आणि तू खाटेवर पडून ऐकत होतास. एका शब्दानं बोलला नाहीस. फुग्याकाकासारखा, मी सांगतो का ते बघत होतास.

दादा, दोर चांगला होता. गाठ मी मारली नव्हती. हात माझ्यामुळे गेला.

माफ कर असं लिहायला हात उठत नाही, ते फार लहान वाटतं. नुसतं सांगतो आहे.

मग मी बाकीची वाळू काढली. सगळी. बाहेर आलो तेव्हा नखशिखांत पांढरा. फुग्याकाका म्हणाला, "हा बघा, आता याचेच पाव करा." सगळे हसले, आणि कुणीतरी माझ्या पाठीवरची वाळू झटकली.

घुमट उभा आहे.

चौदा दिवस जाळ केला. पहिल्या दिवशी कागद आणि काटक्या, एका माणसाचा चहा उकळेल एवढाच. पाचव्या दिवशी पीठवाला आला, गाडीचं पुन्हा विचारत होता. मी म्हटलं, काटक्या घालायच्यात, बस. तो बसला नाही. नवव्या दिवशी विटांतून ओल बाहेर आली, घुमट घामेजला, मी घाबरून तुझी चिठ्ठी वाचली. त्यात घामाचं काही नव्हतं. तरी जाळ वाढवला नाही. चौदाव्या दिवशी संध्याकाळी पीठ मळलं.

मावशीला मी फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगू नकोस म्हटलं होतं ना!" मी म्हटलं, शहराला आधी सांगितलं, मग तुला. तिनं आधी विटा कुठून आणल्या ते विचारलं. मग विचारलं, "वाकून दांडा धरतोस का अजून?"

आज पहाटे पाव काढले. पहिला मी खाल्ला. मग दार उघडलं तर फुग्याकाका बाकावर, भिंतीला पाठ लावून.

"कोमट आहे," म्हणाला.

"पहिला दिवस आहे, काका."

"जुनी बरी होती." आणि दोन पाव घेतले. गल्लीतून त्या कामाला जाणाऱ्या पोरी आल्या. एकीनं चालता चालता भिंतीवर हात टेकवला, आणि पुढे गेली.

मी दमलोय, दादा. पाय सुजलेत, डोळ्यांत पीठ आहे. पण आता संध्याकाळी निखाऱ्यांवरची राख काढायची आहे, उद्याही काढायची आहे, आणि मला त्याचं काही वाटेनासं झालंय.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एक रिकामी आहे, भट्टीच्या वर असल्यानं ऊन असते. दुखऱ्या हाताला बरी. तुला काही उचलायला लागणार नाही. घुमटाखाली मी आधी जाऊन आलोय.

धाकटा

ता. क. छकुलीला पाव पाठवणार होतो, पण पोस्टानं जाईपर्यंत त्याची वीट होते. वाजवून बघितली, चांगली वाजते. मऊ खायचा तर इथंच यावं लागेल, तिघांनी.